दोन देशांचे गुल महंमद

मनुष्याचा देश कोणता, हें नकाशा ठरवितो. परंतु त्याच्या हातांतील कसब नकाशाबरोबर बदलत नाहीं. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी सामने खेळलेले तीनच क्रिकेटपटू झाले. त्यांपैकीं गुल महंमद यांची कारकीर्द या गोष्टीची उत्तम साक्ष देते.

गुल महंमद यांचा जन्म १९२१ सालीं लाहोरास झाला. ते ठेंगणे, डावखुरे, आणि क्षेत्ररक्षणांत विलक्षण चपळ होते. १९४६ सालीं लॉर्ड्‌सच्या मैदानावर ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले. त्या संघाचे नायक पतौडीचे नबाब पूर्वीं इंग्लंडकडून खेळलेले होते. त्याच संघांतील अब्दुल हफीज पुढें कारदार या नांवानें पाकिस्तानचे नायक झाले!

परंतु गुल यांच्या कीर्तीस खरा बहर आला तो बडोद्यास. मार्च १९४७ मध्यें रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले. तेव्हां गुल आणि सांगलीचे विजय हजारे यांची जोडी जमली, ती ५७७ धावा करूनच फुटली. डावांत गुल यांच्या धावा ३१९, हजारे यांच्या २८८. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा भागीदारीचा उच्चांक २००६ पर्यंत अबाधित राहिला.

पांच महिन्यांनीं फाळणी झाली. लाहोर परदेशांत गेलें. गुल मात्र भारताकडूनच खेळत राहिले. ऑक्टोबर १९५२ मध्यें पाकिस्तानचा संघ पहिल्या कसोटीसाठीं दिल्लीस उतरला, तेव्हां भारताच्या बाजूस गुल, हजारे व हेमू अधिकारी हे बडोद्याकडून खेळलेले तिघे होते. आणि समोर पाकिस्तानच्या संघांत बडोद्याचेच जुने सहकारी अमीर इलाही! त्यांनींही एक कसोटी भारताकडून खेळली होती.

पुढें गुल यांनीं पाकिस्तानचें नागरिकत्व पत्करलें. ऑक्टोबर १९५६ मध्यें कराचीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध कारदारांच्या नेतृत्वाखालीं ते खेळले आणि विजयाची धाव त्यांच्याच बॅटींतून निघाली. पाकिस्तानकडून त्यांचा तो एकच कसोटी सामना. १९९२ सालीं लाहोरासच त्यांचें निधन झालें.

भारताकडून आठ, पाकिस्तानकडून एक. नऊ कसोट्यांत मिळून अवघ्या २०५ धावा. दोन देशांच्या वह्यांत त्यांची जमा एवढीच दिसते. परंतु लाहोर आणि सांगलीच्या दोन फलंदाजांनीं मिळून रचलेल्या त्या ५७७ धावांची वांटणी कोणत्याही फाळणीस करतां आली नाहीं.