मिनोटॉर, कीचक आणि सत्याच्या तीन तऱ्हा

संगणकीय खेळांविषयीचा वाद मराठीच्या अध्यापकांनी का विचारात घ्यावा, असा प्रश्न वाचकांस पडेल. परंतु ‘टोटल वॉर’ या युद्धनीतीच्या खेळमालेतील ‘ट्रॉय’ या उपखेळावरून झालेला वाद आम्हांस आमच्याच वर्गातला वाटला, म्हणून हे टिपण.

हा खेळ १३ ऑगस्ट २०२० रोजी आला. मूळ मालेची ख्याती इतिहासाधारित युद्धांसाठी. येथे मात्र विषय होता होमरचे महाकाव्य. बल्गेरियातील सोफिया येथील निर्मात्यांनी मधला मार्ग काढला. दंतकथेमागे काहीतरी वास्तव असले पाहिजे, असे मानून त्यांनी मिनोटॉरला बैलाचे शिरस्त्राण घालणारा धिप्पाड दरोडेखोर केले आणि अर्धअश्व सेंटॉर म्हणजे निष्णात घोडेस्वार ठरवले. घोड्यावर बसणे दुर्मीळ असलेल्या काळात स्वार आणि घोडा लोकांना एकच प्राणी वाटले असतील, असे यामागील तर्कशास्त्र.

चाहते दुभंगले. अद्भुताची ओढ असणाऱ्यांना हा मिनोटॉर वेषांतर केलेला नट वाटला. इतिहासप्रेमींना एकच वीर शेकडोंना लोळवतो, हे रुचले नाही. काहींना रंग भडक वाटले, तर काहींना त्यातच ग्रीक कलेची खरी ओळख दिसली.

आमच्या मते वादाचे मूळ चित्रशैली आणि आशय यांच्या विसंगतीत आहे. खेळाची सजावट ग्रीक मृत्पात्रांवरील काळ्या-तांबड्या चित्रांवरून घेतलेली आहे. ट्रॉयचे युद्ध परंपरेने इ. स. पूर्व बाराव्या शतकाच्या आसपास मानले जाते. ही चित्रशैली मात्र इ. स. पूर्व सहाव्या शतकात बहरली. म्हणजे ती घटनेची नव्हे, घटनेच्या स्मृतीची शैली आहे. त्या भांड्यांवर देव माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि मिनोटॉरच्या धडावर खरोखरच बैलाचे मस्तक असते. डोळ्यांना पुराण दाखवायचे आणि बुद्धीला त्याचा उलगडा सांगायचा, अशा दुहेरी व्यवहाराने कोणाचेच समाधान झाले नाही.

मराठी वाचकाला हा मधला मार्ग अपरिचित नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववनदाह हा अग्नीला दिलेला नैवेद्य राहत नाही, शेतजमिनीसाठी केलेला अरण्याचा आणि अरण्यवासीयांचा संहार ठरतो. तेथे अद्भुत वजा होते, पण त्याच्या जागी एक नैतिक प्रश्न उभा राहतो. खेळातील मिनोटॉरमधून अद्भुत काढले गेले, त्या रिकाम्या जागी काही आले नाही. फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आमच्या वऱ्हाडात तर हा प्रश्न पायाखालीच आहे. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून ती कीचकदरा आणि पुढे चिखलदरा, असे येथे सांगतात, भीमकुंडही दाखवतात. महाभारतात मात्र कीचकवध विराटाच्या नृत्यशाळेत घडतो आणि विराटाचा मत्स्य देश अभ्यासक राजस्थानात दाखवतात. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, आणि तिचे हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून झाले, ही श्रद्धा आहे. त्याच कौंडिण्यपुराच्या उत्खननात प्राचीन वस्तीचे थर मिळाले. ते थर तेथे माणसे राहत होती, हे सिद्ध करतात. रुक्मिणीविषयी ते मौन पाळतात.

२ सप्टेंबर २०२१ रोजी आलेल्या ‘मिथोस’ या पुरवणीने वादावर तोडगा काढला. ती घेणाऱ्यास पौराणिक, ऐतिहासिक आणि कथेमागील वास्तव शोधणारी, अशा तीन रीतींतून निवड करता येऊ लागली. बाजारपेठेच्या दृष्टीने हा शहाणपणा खरा. पण चिखलदऱ्याच्या कड्यावर उभा राहून ‘सर, हे खरंच इथं घडलं का?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला तीन कळा दाखवून आमची सुटका नाही. कथा काय सांगते, पुरावा काय सांगतो आणि इथल्या लोकांना ती कथा आपल्याच दरीत का हवीशी वाटली, हे तिन्ही त्याच्यापुढे एकत्र ठेवावे लागते. त्यांतील तिसरा प्रश्नच साहित्याच्या अध्यापकाचा, आणि नेमका तोच आम्ही बहुधा तासाच्या शेवटी घाईत उरकतो.