आयुकाची वाटचाल: २०० वॅटपासून तीन सूर्यांपर्यंत

खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली कोसळते आणि त्यावर आज ७२ मेगावॅट क्षमतेचे केंद्र चालते. गुरुत्वाकर्षणातून ऊर्जा मिळते, हे खालापूरकराला वेगळे शिकवायला नको. लहरींच्या रूपाने ऊर्जा सोडताना मात्र तेच गुरुत्वाकर्षण भलते चिक्कू होते. सूर्याभोवती फिरणारी अख्खी पृथ्वी गुरुत्वीय लहरींतून जेमतेम २०० वॅट गमावते. विद्युतभार नुसता मागेपुढे हलला तरी रेडिओलहरी सुटतात. वस्तुमानाचे तसे नाही. एक गोळा इकडे सरकला की जोडीदार तिकडे सरकतो आणि बहुतेक सारे परस्पर वजा होते.

असल्या चिक्कू लहरींमागे लागायला हिंमत हवी. ती पुण्यात सापडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापली, जयंत नारळीकर पहिले संचालक झाले. संजीव धुरंधर तिथे आले, आणि १९९१ साली बी. एस. सत्यप्रकाश यांच्याबरोबर त्यांनी गोंगाटात दडलेली लहर गणिती साच्यांनी कशी हुडकायची ते मांडले. पकडायला यंत्र नव्हते, तेव्हाची ही गोष्ट! माझ्या मते आयुकाची खरी कमाई हीच.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधकाला पहिली लहर मिळाली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन कृष्णविवरे एक झाली, उरले ६२. तीन सूर्यांचे वस्तुमान क्षणार्धात लहरी होऊन गेले. ऐन भरात त्यांची शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या सुमारे पन्नासपट होती. पृथ्वीवर पौर्णिमेच्या चांदण्याहून जास्त ऊर्जा पडली. डोळ्यांना पत्ताही नाही. प्रकाश धुळीत अडतो, या लहरी सगळ्यातून आरपार जातात, म्हणून पकडणेही तितकेच अवघड. लायगोच्या चार किलोमीटरच्या बाहूंत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता.

मग आला लायगो-इंडिया, म्हणजे तसाच वेधक भारतात उभारायचा प्रकल्प. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची अंतिम. मधली सात वर्षे सरकारी चालीने गेली. जागा शोधायचे काम आयुकाकडे होते. आमचा कर्जत-खालापूर पट्टा पुण्याला जवळचा, पण असल्या नाजूक मोजणीला कुचकामी: घाट चढवायला गाडीला मागून लागणारी बँकर इंजिने, द्रुतगती मार्गावरचे ट्रेलर, जमीन कधी स्वस्थ बसायचीच नाही. निवड झाली हिंगोलीतल्या औंढा नागनाथची.

लायगोच्या जोडीला इतक्या दूरचा वेधक आला, की लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली ते बरेच नेमके कळेल. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आधी आली, गॅमा किरण १.७ सेकंदांनी. तसे पुन्हा घडले, तर आयुकाच्या जुन्नरजवळच्या गिरवलीतल्या २ मीटर दुर्बिणीला कुठे वळायचे ते औंढ्याहून कळू शकेल.