हळद्याच्या चित्रावरचे बालंट

रंगवलेल्या चित्रांच्या मार्गदर्शिका आता कालबाह्य झाल्या, पक्षी अचूक ओळखायचा तर फोटोच हवा, असे मत पक्षीनिरीक्षकांत हल्ली सिद्धान्तासारखे मांडले जाते. पुराव्यादाखल हटकून हळद्या पुढे केला जातो. पुस्तकात तो पिवळाधमक, झाडावर मात्र हिरवट. पुस्तकात चोच गुलाबी, समोरच्या पक्ष्याची काळपट. म्हणजे चित्रकार चुकला! हा आक्षेप प्रत्यक्ष पाहण्यातून आलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

आधी रंगाचे पाहू. हळद्या वड-उंबराच्या दाट पानांत वावरतो. पानांतून झिरपणारा उजेडच हिरवा असतो आणि तो पिवळ्या पिसांवर पडला की पक्षी हिरवट दिसणारच. कॅमेऱ्याची यातून सुटका नाही. तोच नर भर उन्हात टिपला, तर पिवळा रंग पुष्कळदा इतका फाकतो की छातीवरची पिसे एकमेकांपासून वेगळी कळत नाहीत. चित्रकार उजेडाची ही करामत वजा करून पिसांचा स्वतःचा रंग मांडतो. फोटोत असतो तो त्या क्षणीचा उजेड.

पण हळद्याची ओळख मुळात पिवळ्या रंगावर ठरतच नाही. ती ठरते डोळ्यावरच्या काळ्या पट्टीवर. युरोपातल्या सोनेरी हळद्याच्या नरात ही पट्टी चोचीपासून निघते आणि डोळ्यापाशी थांबते. आपल्याकडच्या नरात ती डोळा ओलांडून मागे जाते. पूर्व आशियातल्या काळ्या मानेच्या हळद्यात दोन्हीकडच्या पट्ट्या मानेमागे जुळतात. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली आपल्या दख्खनमधल्या हळद्याला ‘ओरिओलस कुंडू’ म्हणून स्वतंत्र नाव दिले होते. पुढे दीर्घकाळ तो युरोपातल्या हळद्याची उपजाती म्हणून गणला गेला. रासमुसेन आणि अँडरटन यांच्या २००५च्या ग्रंथाने त्याला पुन्हा वेगळी जाती मानले. इतका मोठा निर्णय ज्या खुणांवर उभा आहे, त्यांतली एक ही बोटभरही नसलेली पट्टी. पक्ष्याने मान जरा वळवली की फोटोत ती आखूड दिसते, पानाची सावली पडली की लांब. चित्रफलकावर मात्र तिन्ही नर एकाच बाजूने, एकाच मापात, शेजारी शेजारी बसवता येतात आणि नजर थेट फरकावर जाते. रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४च्या मार्गदर्शिकेत नेमके हेच साधले: अनावश्यक तपशील गाळायचा आणि ओळखीच्या खुणेकडे बाण दाखवायचा. त्या चित्रांचा साधेपणा हा दोष नव्हता, तीच त्यांची पद्धत होती.

चित्रे चुकतच नाहीत, असे मी म्हणत नाही. जुने चित्रकार बरेचदा संग्रहालयातल्या कातड्यांवरून काम करीत. मेल्यावर हळद्याच्या चोचीचा गुलाबीपणा जातो आणि लाल डोळ्याच्या जागी कापूस येतो. नमुन्याच्या चिठ्ठीवर कोणी रंग टिपून ठेवला नसेल, तर चित्रकाराने अंदाज करायचा. असे फलक तपासून दुरुस्त केलेच पाहिजेत.

मात्र काळपट चोचीच्या तक्रारीचा या चुकीशी संबंध नाही. तो पक्षी बहुधा कोवळा असतो आणि पानावर त्याला जागाच दिलेली नसते. एक नर, एक मादी काढली की काम झाले, या समजुतीपायी पोटावर रेघा असलेले प्रत्येक पिल्लू ‘मादी’ म्हणून वहीत नोंदले जाते. इकडे वयाने मोठी मादी पुष्कळदा नराइतकी पिवळी होते, तेव्हा ती ‘नर’ ठरते. फोटोंच्या मार्गदर्शिकाही यातून वाचलेल्या नाहीत, कारण तिथेही देखण्या प्रौढ नराचाच फोटो निवडण्याकडे कल असतो.

तेव्हा मागणी करायची तर फलकावर आकृत्या वाढवण्याची करावी आणि प्रत्येकीखाली वय छापावे. काळ्या डोक्याच्या हळद्याचे पिल्लू आणि आपल्या सोनेरी हळद्याचे पिल्लू शेजारी काढा. पहिल्याच्या कपाळावर पिवळ्या रेघा असतात, गळा व छातीचा वरचा भाग काळ्या रेघांचा आणि खाली पोट पिवळे असते. दुसऱ्याच्या फिकट पोटावर रेघा खालपर्यंत उतरतात. चोच दोघांचीही काळपटच.