नाव सांगणारा चोर

दरोड्याचे चित्रपट मी केवळ करमणूक म्हणून पाहत असे. ‘रिफिफी’ने माझे मत बदलले. १९५१ साली अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधासाठी नेमलेल्या संसदीय समितीपुढे सहकाऱ्यांनीच दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन यांचे नाव घेतले. हॉलिवूडचे दरवाजे बंद झाले. फ्रान्समध्ये जाऊन त्यांनी १९५५ मध्ये हा चित्रपट केला. त्यातला जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास चालतो. संवाद नाही, संगीत नाही. पुढे टोळीतला तिजोरी फोडणारा घाबरून साथीदाराचे नाव सांगतो आणि म्होरक्या त्याला गोळी घालतो. ती भूमिका स्वतः डॅसिन यांनी केली आहे. भीतीपोटी तोंड उघडणाऱ्याला इतकी कठोर शिक्षा मला पटत नाही. पण ती कुठून आली, हे आता कळते.