सालाची बोली आणि एक तारखेचा पगार

परभणीकर मंडळी आपल्या गावाविषयी दोन म्हणी सांगतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही फुशारकीची; ती कुठून आली याचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो आणि ठामपणे देतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही दुसरी पोटापाण्याची. कुठे जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच, तिथे माणूस उपाशी राहत नाही, असा तिचा अर्थ लावला जातो. तिसरी म्हण साऱ्या महाराष्ट्राची: उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत ती अजून ऐकू येते. मात्र ती म्हणणाऱ्याच्याच घरी मुलीसाठी स्थळ पाहायला बसले की क्रम उलटा होतो. आधी नोकरी, मग दुकान, आणि शेती 'असली तर बरी' म्हणून शेवटी. ही उलथापालथ कशी झाली, याचा आपण मागोवा घेऊ. माझे मत आधीच सांगून टाकतो: या मुलखाने कामाची प्रत सरासरी कमाईपेक्षा खात्रीवरून ठरवली, आणि खात्री ज्या बाजूला सरकली तिकडे मानही सरकला.

कोणत्या कामाला किती मोल, याचा आपल्याकडचा सर्वात जुना तपशीलवार तक्ता कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज यांना वर्षाला ४८,००० पण. आणि जनावरे राखणाऱ्या, हरकामे करणाऱ्या शेवटच्या सेवकाला ६० पण. म्हणजे वरच्या आणि खालच्या पगारात आठशेपट अंतर. राजाच्या शेतावर राबणाऱ्या मजुराला जेवण आणि महिन्याला सव्वा पण. अशा तक्त्याची सरासरी काढणाऱ्याच्या हाती काय लागणार, हे सांगायला नको. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: शेतमजुराचे मोल तेव्हापासूनच 'पोट आणि वर थोडे काही' असे ठरलेले दिसते. पुढची दोन हजार वर्षे हा हिशेब फारसा बदलला नाही.

तेराव्या शतकात आपण गोदाकाठी गंगाखेडला येतो. संत जनाबाईंचे हे गाव. लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या आणि आयुष्यभर तिथेच दळणकांडण करत राहिल्या. त्यांना वेतन नव्हते, सुटी नव्हती, घर सोडून जाण्याची वाटही नव्हती. त्यांच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल जात्यापाशी बसून दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. कामातले समाधान या गोष्टीवर मराठीत जे काही लिहिले गेले आहे, त्यात हे लेखन फार वरचे ठरेल. त्यांच्याभोवतीची माणसेही कामावरूनच ओळखली जात: नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. आपापल्या धंद्याच्या हत्यारांतून त्यांनी देव पाहिला. मात्र हे समाधान म्हणजे मोबदल्याची पावती, असे समजण्याची चूक आपण करू नये. ज्याला काम बदलण्याची मुभाच नाही, त्याने त्यातच देव शोधला. यात त्याची थोरवी आहे, व्यवस्थेची नाही.

त्या व्यवस्थेचे नाव बलुतेदारी. गावच्या कारागिराला रोज रोखीने मजुरी मिळत नसे. सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य मिळे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा असत आणि ज्याची जशी कास तसे त्याचे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथात हा सगळा कारभार बारकाईने मांडला आहे. आता गंमत पाहा. सुतार आणि महार थोरल्या कासेत, न्हावी-परीट मधल्या कासेत, आणि जोशी-गुरव धाकट्या कासेत. जातीची उतरंड एका दिशेने आणि धान्याच्या वाट्याची दुसऱ्या दिशेने! नांगर मोडला तर पेरणी थांबते. मुहूर्त चार दिवसांनी पाहिला तरी चालतो, एवढे व्यवहारज्ञान कुणब्याला होते. थोरल्या कासेचा वाटा मिळाला म्हणून महाराला विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, हेही त्याच गावगाड्यातले सत्य. मोबदला आणि मान या दोन गोष्टी पूर्वीपासूनच वेगवेगळ्या रस्त्यांनी चालत आल्या आहेत.

संपत्ती दिसायची तरी किती? मराठवाड्यातल्या जुन्या बड्या घरांची श्रीमंती जमिनीखाली असे. जवारी साठवायची ती पेवात. जमिनीत खोल खड्डा खणायचा, त्याला कडब्याचे अस्तर द्यायचे, तोंड मातीने लिंपायचे. पेव उघडले की आत लगेच उतरायचे नाही, आधी दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर आतल्या कोंदट हवेत माणूस दगावणार. दोन-दोन वर्षांचे धान्य असे अंगणाखाली पडून राही आणि वरून घर मात्र मातीच्या माळवदाचेच. बाहेर दिसायचे ते पोळ्याच्या दिवशी, गावच्या वेशीत. लालकंधारी बैलांची जोडी, तिच्या पाठीवरची झूल, शिंगांचे गोंडे यांवरून सारे गाव घरधन्याची ऐपत जोखत असे.

मग नोकरी 'कनिष्ठ' का? याचे एक उत्तर १८५३ सालात आहे. निजामाला आपल्या राज्यातल्या कंटिंजंट फौजेचा खर्च भागवता आला नाही, देणे थकत गेले आणि त्या मे महिन्यात वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. खुद्द सरकारलाच शिपायांचा पगार वेळेवर देता येत नसेल, तर चाकरीवर कोण विसंबणार? त्यापेक्षा वतन बरे. ते बापाकडून लेकाकडे येते. पण त्याच महिन्यात मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, हैदराबादचे दिवाण झाले. मक्त्याने वसूल देण्याची रीत त्यांनी मोडीत काढली, १८६५ मध्ये जिलाबंदी केली आणि जिल्ह्यांवर पगारी अधिकारी नेमले. जिल्ह्याच्या प्रमुखाला 'अव्वल तालुकदार' म्हणत. इथून पुढे परभणीकरांना एक नवाच प्राणी दिसू लागला: पाऊस पडो न पडो, ज्याच्या घरात दरमहा पैसा येतो तो माणूस. पण त्या कचेरीची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू. मोठ्या जागांवर उत्तरेकडून आलेली मंडळी. मराठी कुणब्याच्या पोराला ती पायरी जवळपास बंदच होती. नोकरी कनिष्ठ मानण्यात थोडी आंबट द्राक्षेही असावीत, अशी माझी शंका आहे. तिकडे इंग्रजी मुलखात, १८८३ मध्ये, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते आणि सरकारी नोकरांचे पगार नि पेन्शनी शेतकऱ्याच्या पट्टीतून निघतात, हा हिशेब रोखठोक मांडत होते.

१९०० च्या आगेमागे मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग या भागातून गेला. सेलू, मानवत, परभणी या बाजारांत कापसाच्या जिनिंगचे भोंगे वाजू लागले आणि आडत्याच्या पेढीला भरभराट आली. म्हणीतल्या 'मध्यम' व्यापाराचा हा सुवर्णकाळ. पूर्णा हे तर रेल्वेचेच गाव झाले. गणवेश, क्वार्टर, पास आणि महिन्याला पगार हे सगळे एकत्र मिळालेला कष्टकरी माणूस जिल्ह्याने प्रथम तिथे पाहिला. पुढे निजामाची रेल्वे १९५० मध्ये भारत सरकारकडे आली आणि पूर्णेचा गँगमन केंद्राच्या वेतनश्रेणीच्या जगात दाखल झाला. पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने १९४७ मध्ये सर्वात खालच्या नोकराला महागाईसह ५५ रुपये ठरवले होते. रक्कम मोठी नव्हतीच. पण ती ठरलेली होती.

त्याच काळात शिवारात सालदारी चालू होती. गुढीपाडव्याला सालाची बोली व्हायची: एवढी पोती जवारी, एवढे रोख, एक धोतरजोडी, एक घोंगडे, एक वहाणांचा जोड. पोरीच्या लग्नाला उचल घेतली की पुढच्या पाडव्यालाही त्याच दारात उभे राहायचे. तेलंगणाकडे हीच गोष्ट 'भागेला' नावाने ओळखली जाई आणि त्या करारांना वेसण घालण्यासाठी हैदराबाद सरकारला १९३६ मध्ये कायदा करावा लागला. वेठबिगारी देशभर बेकायदा ठरली ती १९७६ मध्ये. कायद्याने उचल संपली नाही. ती ऊसतोडीच्या मुकादमाकडे गेली. दसरा-दिवाळी आली की गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांतली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे हिशेबातला एक 'कोयता', आजही उचल फेडायला पश्चिमेच्या कारखान्यांकडे निघते.

या साऱ्या प्रवासातले खरे वळण मला विचाराल, तर १९७२ हे साल. त्या वर्षी परभणीत तीन गोष्टी एकत्र आल्या. १८ मे रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. आणि पावसाने दगा दिला. तालेवार घरच्या बायकांना तोंडावर पदर ओढून खडी फोडायला जावे लागले, ही आठवण मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाकडून ऐकायला मिळते. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या त्या रांगेत वीस एकरवाला आणि त्याचा सालदार शेजारीशेजारी बसून एकाच दराने दगड फोडत होते. 'उत्तम शेती' ही म्हण तिथेच फुटली. आणि शहराच्या कडेला शेतीवरच पगार घेणाऱ्यांची नवी वसाहत उभी राहत होती. प्रयोगाच्या वावरातले पीक करपले तरी त्यांचा पगार करपत नसे. विद्यापीठाने पुढे या भागाला ज्वारी-कापसाची चांगली वाणे दिली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण आजूबाजूच्या गावांनी त्याच्याकडून घेतलेला पहिला धडा बियाण्याचा नव्हता.

दुष्काळाच्या कामांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी मोठी झाली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा? त्यासाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. सगळे व्यवसाय, व्यापार, धंदे आणि नोकऱ्या एकाच कायद्याच्या नावात आणून पगारदारांच्या पगारातून मजुरांच्या मजुरीची तजवीज करण्याचा हा प्रकार जगात दुर्मीळच म्हणायचा. दुसरीकडे वेतन आयोगांची पायरी चढतच होती. केंद्रातला किमान पगार चौथ्या आयोगाने ७५०, पाचव्याने २,५५०, सहाव्याने ७,००० आणि सातव्याने २०१६ पासून १८,००० केला. राज्यानेही मागोमाग आपल्या श्रेण्या वाढवल्या.

पाचव्या आयोगापासून गावांचे रूप बदललेले दिसते. पेवे बुजली, माळवदे उतरली, स्लॅब पडले. पण दिसणाऱ्या श्रीमंतीने आता दिशाभूल करायला सुरुवात केली. बागायतदाराच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो, त्याचा हप्ता दिसत नाही. गुरुजी मोटारसायकलवरून येतात, परभणीतला प्लॉट नि पोरांची लातूरची शिकवणी दिसत नाही. आणि सर्वात विचित्र व्यवहार म्हणजे शाळेतल्या जागेसाठी संस्थाचालकाला मोजायचे पैसे उभे करायला विकलेली काळीभोर जमीन. उत्तम विकून कनिष्ठ विकत घेण्याचा हा सौदा गावात कुणालाही वेडेपणाचा वाटला नाही.

कामात समाधान आहे का, हे शेतकऱ्याला सरकारने २००३ मध्ये विचारले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीत देशातल्या चाळीस टक्के शेतकऱ्यांनी सांगितले, दुसरा पर्याय मिळाला तर शेती सोडू. दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर २००५ पासून, राज्याने नव्या नोकरदारांची जुनी पेन्शन बंद केली. म्हणजे सारे जण ज्या खात्रीकडे धावत होते ती आता आटू लागली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी याचसाठी संपावर गेले. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक आणि कंत्राटी कर्मचारी यांना तर सालदारासारखीच दरवर्षी नव्याने बोली करावी लागते. तरीही धाव थांबलेली नाही. २०१६ पासून निघालेल्या मोर्चांत जमीनधारक समाज नोकरीतल्या आरक्षणासाठी रस्त्यावर आला, ही या दीर्घ प्रवासाची स्वाभाविक परिणती होती.

२०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाला पिकापासून महिन्याला ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये मिळत असल्याचे आढळले. सातबारावर शेतकरी असलेला माणूस कमाईने मजूर झाला होता. महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचे सगळ्या मार्गांनी मिळून मासिक उत्पन्न होते ११,४९२ रुपये. राज्य सरकारच्या शिपायाचे सुरुवातीचे मूळ वेतन आहे १५,०००, महागाई भत्ता वेगळा. आणि २०२५-२६ मध्ये मनरेगावर खोदकाम करणाऱ्याचा महाराष्ट्रातला दर होता दिवसाला ३१२ रुपये. शंभर दिवसांचे वर्षाकाठी ३१,२००. हे वाचणारे बहुतेक जण पगारदार असतील. त्यांनी एकदा आपले पगारपत्रक काढून व्यवसाय कराच्या दोनशे रुपयांची ओळ शोधावी. ती ओळ १९७२ मध्ये खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीपायी तिथे आली आहे.