मुंबई–पुणे : अंतर घाटाने ठरवले

मुंबई आणि पुण्याचे विमानतळ सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहेत. तरीही या दोन शहरांमधला वेळ आकाशात कमी झाला नाही, तो बोरघाटात कमी झाला. 1858 मध्ये खंडाळा–पुणे रेल्वे सुरू झाली, पण खंडाळ्याखालचा मुंबईकडचा घाट तसाच उरला होता. प्रवासी पालखीने, तट्टावरून नाहीतर गाडीने चढत. 1863 मध्ये घाटातून रूळ गेले, तेही 37 फुटांना एक फूट अशा चढाने. वाटेत रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि मगच पुढचा चढ सुरू व्हायचा. 1929 मध्ये नव्या मार्गाने हा खोळंबा संपला, विजेची इंजिनेही आली, आणि पुढच्याच वर्षी ‘दख्खनची राणी’ ही रेल्वेगाडी धावली. 1863 च्या मार्गासाठी ज्या मजुरांनी हा डोंगर फोडला, त्यांतले हजारो तिथेच मेले. वाचलेल्या तासांचा हिशेब त्यांना वगळून करता येत नाही.

कोणी म्हणेल, विमान तर अर्ध्या-पाऊण तासात पोहोचते. खरे आहे, पण तो वेळ धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर जाणे, तपासणी, ताटकळणे, मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून पुढे शहरात शिरणे हे धरले की द्रुतगती मार्ग आणि रेल्वे बरोबरीला येतात. मुंबईत विमान बदलून परदेशी जाणाऱ्याचे गणित मात्र वेगळे. त्याला शहरात शिरायचेच नसते.