चवदार तळ्याच्या आधीचे महाड : गोपाळबाबा वलंगकर आणि लोकल बोर्डातील एक जागा

१/ महाड म्हटले की १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. परंतु त्याआधी ३२ वर्षे याच महाडात एका निवृत्त सैनिकाच्या नेमणुकीवरून वाद उठला होता. तो वाद पाण्याचा नव्हता, सरकारी बैठकीतील एका जागेचा होता. हा थ्रेड त्या सैनिकाविषयी.

२/ गोपाळबाबा वलंगकर. जन्म सुमारे १८४० चा, महाडजवळच्या रावढळ गावी, महार कुटुंबात. लष्करात नोकरी करून १८८६ मध्ये ते निवृत्त झाले आणि दापोलीत स्थायिक झाले. दापोली ही त्या काळी लष्करी पेन्शनरांची वस्ती म्हणून ओळखली जाई.

३/ लष्कराने काय दिले? गावच्या शाळेत ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांना पलटणीच्या शाळेत अक्षरओळख झाली. शिवाय पेन्शन सरकारी खजिन्यातून येई. ज्याची भाकरी गावाच्या हाती नाही आणि ज्याला लिहिता येते, असा माणूस गावाला प्रश्न विचारू शकतो.

४/ वलंगकरांनी ते विचारले. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांत त्यांनी लेखन केले, ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या धर्माधारालाच आव्हान दिले आणि ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था उभी केली.

५/ याच सुमारास मागच्या पिढ्यांना उघडे असलेले दार बंद झाले. ‘लढवय्या जमाती’ या ब्रिटिश सिद्धान्तापायी १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये वलंगकरांनी सरकारसाठी विनंतीअर्ज तयार केला.

६/ आता लोकल बोर्डाकडे वळू. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा झाला आणि जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. रस्ते, शाळा, दवाखाने, विहिरी ही त्यांची कामे. काही सभासद निवडलेले, काही सरकारने नेमलेले असत.

७/ मताचा हक्क जमीन, मालमत्ता वा उत्पन्नावर ठरे. त्यामुळे अस्पृश्य समाजातील माणसाला बोर्डात जाण्याचा व्यवहार्य मार्ग एकच होता : सरकारी नेमणूक. १८९५ मध्ये वलंगकरांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर तशी नेमणूक झाली.

८/ उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. सैनिक म्हणून महार दूरच्या छावणीत शौर्य गाजवी, तोवर गावाची घडी मोडत नव्हती. बोर्डात मात्र तो बरोबरीचा सभासद होता आणि गावाच्या विहिरीवर, शाळेवर मत देणार होता.

९/ या जागेची मर्यादाही दिसते. ती सरकारने दिलेली होती, तिच्यामागे मतदार नव्हते. मूठभर पेन्शनर आणि एक लहान संस्था एवढेच बळ. १९०० मध्ये वलंगकरांचे निधन झाले.

१०/ १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो स्वीकारला. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर जाण्याची मुभा नव्हती. वलंगकरांच्या नेमणुकीचेही तेच झाले होते.

११/ फरक एवढाच, की १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली. त्यांचे नेते डॉ. आंबेडकर हेही सैनिकाचेच पुत्र. वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते.

१२/ म्हणून महाडचा इतिहास वाचताना १९२७ च्या अलीकडे १८९५ चीही नोंद करावी. चवदार तळे पाहायला गेलात, तर जवळच्या रावढळचे नावही आठवा.